कोल्हापुरात बी.बी.ए., एम.बी.ए. शिकायचंय? विद्यार्थी आणि पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

बारावीचा निकाल लागला की करवीर, कागल, पन्हाळा, गडहिंग्लज, शाहूवाडीकडून पालक पोरांना घेऊन चौकशीला यायला लागतात. मॅनेजमेंट हा शब्द सगळ्यांनी ऐकलेला असतो. पण त्या तीन वर्षांत पोरगं नेमकं काय शिकणार, सरकारी सवलत कुणाला मिळते आणि पुढं त्याचं काय होतं, हे त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसतं. आम्ही हा विषय शिकवतो आणि दर उन्हाळ्यात हेच प्रश्न ऐकतो. ते ज्या शब्दांत येतात, जवळपास त्याच शब्दांत खाली दिले आहेत.

बी.कॉम. आहेच की, मग बी.बी.ए. कशाला?

ज्याला सी.ए. व्हायचंय, करसल्लागार व्हायचंय, हिशेबातच मुरायचंय, त्यानं बी.कॉम.च करावं. हे आम्ही प्रवेशासाठी आलेल्यालाही तोंडावर सांगतो. बी.बी.ए.मध्ये हिशेब असतो, पण त्याच्या जोडीनं मार्केटिंग, मनुष्यबळ, उत्पादन, संख्याशास्त्र, व्यवसायाचे कायदे असं बरंच काही येतं. एखादा कारखाना किंवा दुकान आतून कसं चालतं, त्याचा एक भाग हलला की दुसऱ्यावर काय परिणाम होतो, हे पाहायला शिकवणारा हा अभ्यासक्रम आहे. वर्गात उभं राहून बोलावं लागतं, गटात काम करावं लागतं, बाहेर जाऊन प्रोजेक्ट करावा लागतो. ज्याला हे नकोय, त्याला तीन वर्षं जड जातात.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी मिळते आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स.

बारावी आर्ट्स झालीय, चालेल का?

चालेल. सायन्सही चालतं. आर्ट्सच्या मुलांना पहिल्या सत्रात जमाखर्चाच्या नोंदी अवघड जातात, तेवढ्यापुरती एखाद्या कॉमर्सवाल्या मित्राची मदत घ्यावी.

सीईटी द्यावी लागते म्हणे. आमच्या थोरल्यानं तर दिली नव्हती.

थोरल्याच्या वेळी नव्हतीच. बी.बी.ए., बी.एम.एस., बी.सी.ए. हे अभ्यासक्रम २०२४-२५ पासून एआयसीटीईच्या, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्याच्या सीईटी कक्षानं २०२४ मध्ये त्यांच्यासाठी पहिल्यांदा प्रवेश परीक्षा घेतली. त्या वर्षी असंख्य मुलांना हे वेळेत कळलंच नाही, म्हणून त्याच उन्हाळ्यानंतर पुन्हा एकदा परीक्षा घ्यावी लागली. आजही बारावीच्या अभ्यासात बुडालेल्या मुलाला अर्ज भरायचा राहून गेल्यावर जाग येते. बारावीचा पेपर सुरू व्हायच्या आधीच सीईटी कक्षाचं संकेतस्थळ बघायला लागा.

परीक्षा संगणकावर होते. इंग्रजी, तर्कक्षमता, सामान्य ज्ञान आणि संगणकाची प्राथमिक माहिती यांवर प्रश्न असतात. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळं एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही.

एआयसीटीईच्या चौकटीत जायचं नव्हतं अशा राज्यातल्या काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचं नाव बदललं, उदाहरणार्थ बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज). त्याला ही सीईटी लागत नाही. असा अभ्यासक्रम वाईट असतो असं मुळीच नाही, पण प्रवेश कोणत्या मार्गानं होतोय यावर शुल्कमाफी अवलंबून असते. तेव्हा 'सीईटी नको, थेट प्रवेश' असं ऐकलं की आनंद मानण्याआधी शिष्यवृत्तीचं विचारा.

विद्यापीठ, स्वायत्त, अभिमत... यातलं आमचं नेमकं कोणतं?

शिवाजी विद्यापीठ हे राज्य शासनाचं विद्यापीठ. स्थापना १८ नोव्हेंबर १९६२ ची. कोल्हापूर, सांगली, सातारा हे जिल्हे त्याच्या कक्षेत. विद्यापीठाच्या आवारातच वाणिज्य आणि व्यवस्थापन अधिविभाग आहे, तिथं एम.बी.ए. होतं. बी.बी.ए. मात्र संलग्न महाविद्यालयांत शिकवलं जातं. अभ्यासक्रम आणि परीक्षा विद्यापीठाच्या, शिकवणं महाविद्यालयाचं.

स्वायत्त संस्था आपला अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवते, पदवीवर नाव मात्र विद्यापीठाचंच असतं. कोल्हापुरात याचं ठळक उदाहरण म्हणजे १९७६ मध्ये सुरू झालेली छत्रपती शाहू इन्स्टिट्यूट ऑफ बिझनेस एज्युकेशन अँड रिसर्च, म्हणजे आपलं सायबर. रिक्षावाल्याला सायबर चौक म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही. अभिमत विद्यापीठाचं सगळंच वेगळं, पदवीही त्यांचीच आणि शुल्कही त्यांचंच.

निवडताना इमारत बघू नका. ग्रंथालयात दुपारी मुलं बसलेली असतात का, तिसऱ्या वर्षाची मुलं प्रोजेक्टला कुठं जातात आणि कायमस्वरूपी शिक्षक किती आहेत, हे तीन प्रश्न विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऑफिसात मिळालं नाही, तर कॅन्टीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा.

फी झेपेल का?

बहुतेक घरांचं घोडं इथंच अडतं, म्हणून सविस्तर सांगतो.

खुल्या प्रवर्गातल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमाला तीतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. मुलींसाठी २०२४-२५ पासून मोठा बदल झाला. आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी या प्रवर्गांतल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. अट एकच मोठी: प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. संस्थेच्या कोट्यातून घेतलेल्या जागेला ही सवलत नाही. सीईटीसाठी आम्ही इतके मागं लागतो ते यासाठीच. अर्ज भरायचा कंटाळा केला म्हणून घरावर वर्षाला हजारो रुपयांचा बोजा पडतो.

अनुसूचित जाती-जमाती, भटके विमुक्त यांच्या योजना वेगळ्या आहेत. अर्ज सगळ्यांचा महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच होतो आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. दुसऱ्या वर्षी अर्ज विसरणारे पुष्कळ असतात. वसतिगृहात किंवा खोली घेऊन राहणाऱ्या पात्र मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, तीही तिथंच भरा.

फी सांगतात तेव्हा शिक्षण शुल्क किती आणि विकास निधी, ग्रंथालय, जिमखाना असं बाकीचं किती, हे वेगळं लिहून घ्या. माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्काला मिळते, बाकीचं खिशातून जातं.

रोज गावाकडनं यायचं, का राहायचं?

एसटीचा पास काढून येणारी मुलं तिन्ही वर्षं नीट पार पाडतात, त्यात अडचण काही नाही. फक्त शेवटची गाडी साडेपाचची असेल तर दुपारनंतरची गटातली कामं हुकतात आणि या शिक्षणात निम्मं काम त्या वेळातच होतं. जमलं तर निदान तिसऱ्या वर्षी शहरात राहा.

कोल्हापूरला या बाबतीत मोठा वारसा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू करवलं आणि मग जैन, लिंगायत, मुस्लिम अशा एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. खेड्यातल्या पोरानं शिकायचं तर आधी त्याला शहरात पाठ टेकायला जागा हवी, हे त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं. आज सामाजिक न्याय विभागाची वसतिगृहं आहेत, संस्थांची आहेत. विद्यापीठात 'कमवा आणि शिका' योजना आहे, तिथं काम करून शिकलेली मुलं आज मोठ्या पदांवर आहेत.

पोराला इंग्रजी येत नाही. त्याचा निभाव लागेल?

लागतो. पहिलं सत्र त्रासाचं जातं, हे आधीच मान्य करा म्हणजे घाबरायला होत नाही. पुस्तकं आणि पेपर इंग्रजीत असतात. शिकवताना आम्ही मराठीत समजावतो, सगळेच शिक्षक समजावतात. आधी गोष्ट मराठीत डोक्यात पक्की बसवायची आणि मग ती चार सोप्या इंग्रजी वाक्यांत लिहायची, हाच उपाय लागू पडलेला आम्ही पाहिलाय. गाईड पाठ करून पास होता येतं, पण मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला गाडी अडते.

आणि कृपा करून 'फाडफाड इंग्रजी' वाल्या क्लासला हजारो रुपये भरू नका. रोज इंग्रजी वर्तमानपत्राचं अर्थविषयक एक पान मोठ्यानं वाचा. वर्षभरात जिभेला वळण लागतं.

प्रोजेक्ट विकत मिळतो म्हणतात. मग एवढा त्रास कशाला घ्यायचा?

मिळतो. झेरॉक्सच्या दुकानातून गेल्या वर्षीचा प्रोजेक्ट घ्यायचा, कंपनीचं नाव बदलायचं, सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग करायचं. गुणही पडतात. पण असं करणाऱ्या मुलानं या शिक्षणातला सगळ्यात मोलाचा भाग फेकून दिलेला असतो. कारण कोल्हापूरसारख्या ठिकाणी व्यवस्थापन शिकण्याचा खरा फायदा हाच आहे, की तासाभराच्या अंतरात तुम्हाला फाउंड्री म्हणजे लोखंडी ओतकामाचा कारखाना, गुळाचा बाजार, दूध संघ, साखर कारखाना, हुपरीचं चांदीकाम आणि इचलकरंजीचे यंत्रमाग सापडतात. मुंबई-पुण्याच्या मोठ्या कॉलेजातल्या मुलाला ज्या गोष्टी केस स्टडीत वाचाव्या लागतात, त्या तुम्हाला जाऊन डोळ्यांनी बघता येतात.

चांगला प्रोजेक्ट कसा असतो ते सांगतो. आमची एक विद्यार्थिनी शिरोली एमआयडीसीतल्या एका मध्यम फाउंड्रीत गेली. 'कामगारांचं समाधान' असा नेहमीचा विषय तिनं घेतला नाही. ती फेटलिंग विभागात, जिथं कास्टिंग साफ करतात तिथं, वही घेऊन उभी राहायची. नापास झालेल्या प्रत्येक नगावर तपासणारा खडूनं खूण करी. ही त्याच्याकडून कारण विचारून लिहून घेई: ब्लोहोल (आत राहिलेली हवेची पोकळी), वाळू अडकली, कोल्ड शट (धातू नीट न जुळल्यानं राहिलेली फट). शिफ्ट कोणती, साचा कुठल्या पाळीत भरला, त्या दिवशी पाऊस होता का, हेही लिही. महिन्याभरानं वही उलगडली तेव्हा ब्लोहोलचा मोठा गठ्ठा पावसाच्या दिवसांवर पडलेला दिसला. वाळूत ओल जास्त झाली की ओतताना वाफ होते आणि ती कास्टिंगमध्ये अडकते, हे मोल्डिंगवाल्यांना ठाऊक होतंच. पण त्याची किंमत कुणी मांडली नव्हती. मालकांचं म्हणणं, "नापास माल परत भट्टीतच जातोय, तोटा कसला?" तिनं हिशेब मांडला. लोखंड परत मिळतं, पण वितळवायची वीज, साच्याची मजुरी, कोअर (पोकळ भागासाठी आत ठेवायचा वाळूचा गाभा), आणि मशीनिंगनंतर दोष सापडला तर तो सगळा खर्च परत मिळत नाही. दर नगामागं किती रुपये जातात, हे तिनं एका पानावर लिहून दिलं. मालकांनी ते पान ठेवून घेतलं. कॉस्टिंगचा अख्खा पेपर तिला त्या एका पानात समजला होता, पुढं परीक्षेत वेगळं पाठ करावं लागलं नाही.

असे विषय इथं पावलोपावली आहेत. शाहूपुरी ही व्यापारपेठ शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवली. कोल्हापूरच्या गुळाचे सौदे आता मार्केट यार्डात होतात, दिवाळीच्या पाडव्याला मुहूर्ताचे सौदे निघतात. सकाळी जाऊन उभं राहा. ढिगातला एक रवा, म्हणजे गुळाची ढेप, फोडून व्यापारी रंग आणि कण पाहतो, चव घेतो आणि त्यावर भाव ठरतो. तीस किलोचा रवा आणि एक किलोचा रवा यांच्या भावात फरक का पडतो? पॅकिंगचा खर्च कुणी सोसायचा? गुऱ्हाळमालकाला अडत्याकडून उचल घ्यावी लागते, तेव्हा भाव ठरवायची ताकद कुणाकडं राहते? मार्केटिंगच्या पुस्तकातली निम्मी प्रकरणं या तीन प्रश्नांत येतात.

कोल्हापुरी चपलेचं तसंच. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या मिलानमधल्या शोमध्ये तशीच चप्पल दिसली आणि इथं संताप झाला. आम्ही वर्गात हा विषय घेतला तेव्हा मुलांना धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा: मानांकन प्रामुख्यानं नावाला संरक्षण देतं. 'कोल्हापुरी' हे नाव न वापरता कुणी तशी चप्पल दाखवली तर ती रोखायला एवढं मानांकन पुरत नाही. मग कारागिरानं करायचं काय? यावर वर्गात दोन तास वाद झाला, आणि तो आम्ही थांबवला नाही.

घरचा धंदा आहे, शेती आहे. डिग्री घेऊन काय करायचं?

घरी ऊस असेल तर हे बघा. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस गाळपाला आल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, द्यायची असते. बिल उशिरा आलं की सोसायटीच्या कर्जाचं व्याज वाढतं, हे तुमच्या वडिलांना बोटांवर ठाऊक असतं. पैशाचं आजचं मोल आणि उद्याचं मोल वेगळं का, हा फायनान्सचा पहिला धडा. शेतकऱ्याच्या पोराला तो इतरांपेक्षा लवकर समजतो.

गोठा असेल तर दूध संस्थेचं दहा दिवसांचं बिल घ्या. फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर, पशुखाद्याची कपात, सगळं त्यावर असतं. प्रत्येक म्हशीचं दूध आणि खाद्य वेगळं लिहायला लागा. कोणती म्हैस खर्च भागवते आणि कोणती नाही, हे वर्षअखेरीला कागदावर दिसतं. हा हिशेब घातल्यावर गोठ्याचं गणित बदललेली घरं आम्ही पाहिली आहेत.

दुकान किंवा वर्कशॉप असेल तर एक सावधगिरी. पहिल्या वर्षाला शिकलेलं लगेच वडिलांना शिकवायला जाऊ नका. उधारीची वही तुमच्याकडं मागून घ्या, कुणाकडं किती दिवस थकलंय याची यादी करून द्या. त्यातून विश्वास बसतो, बाकीचं मग बोलता येतं.

नोकरी लागंल का?

लागते, पण नुसत्या बी.बी.ए.वर सुरुवातीचा पगार बेताचा असतो, आणि हे प्रवेशाच्या वेळीच सांगायला हवं. पहिल्या नोकऱ्या बँक आणि वित्त कंपन्यांच्या विक्री विभागात, शोरूममध्ये, वितरकांकडं, गोकुळ शिरगाव, शिरोली, कागल-हातकणंगले इथल्या उद्योगांच्या स्टोअर, खरेदी, डिस्पॅच विभागांत मिळतात. डिस्पॅचला लागलेल्या मुलाला वाईट वाटतं. पण कारखान्यात ऑर्डर कुठं अडकते ते तिथूनच सगळ्यात स्पष्ट दिसतं, आणि दोन वर्षांत वर सरकलेली मुलं बहुतेक अशाच जागांवरची असतात.

पुण्याला जायचं का? जावं, काहीच हरकत नाही. फक्त पगार सांगताना खोलीभाडं आणि जेवण वजा करून सांगा.

सहकारात काही भविष्य आहे का?

आहे, आणि आपल्या जिल्ह्यातल्या मुलांनी तिकडं पाठ फिरवलेली पाहून आम्हाला वाईट वाटतं. साखर कारखाने, दूध संघ, जिल्हा बँक, नागरी बँका, पतसंस्था, सूतगिरण्या यांना शिकलेले व्यवस्थापक हवेत. पदवीनंतर जी.डी.सी. अँड ए. ही सहकार खात्याची परीक्षा द्या. सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाकडं जाण्याचा तो जुना, खात्रीचा रस्ता आहे. सहकार व्यवस्थापनातच पुढं शिकायचं असेल तर पुण्यात वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी प्रबंध संस्था आहे.

एम.बी.ए. लगेच करावं की नोकरी करून?

दोन वर्षं नोकरी करून मग केलेलं एम.बी.ए. जास्त अंगी लागतं, असं आमचं मत आहे. पण घरची परिस्थिती, लग्नाचा विषय, वय हे सगळं बघूनच ठरवावं लागतं. विशेषतः मुलींना 'नंतर कर' म्हटलं की ते नंतर पुष्कळदा येतच नाही. त्यांनी जमत असेल तर लगेच करून टाकावं.

कोणत्याही शाखेची पदवी चालते. ५० टक्के गुण लागतात, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४५. एमबीए सीईटीला २०० प्रश्न आणि १५० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला पाऊण मिनिट. तर्कावर ७५, आकृत्यांच्या तर्कावर २५, गणितावर ५० आणि इंग्रजीवर ५०. इथंही गुण कापत नाहीत. ही ज्ञानापेक्षा वेगाची परीक्षा आहे, घड्याळ लावून सराव केल्याशिवाय जाऊ नका.

मुलीनं मार्केटिंग घ्यावं का? फिरायचं काम असतं ना.

घ्यावं. हल्ली मार्केटिंगचं बरंचसं काम फोनवर, संगणकावर आणि ग्राहकाच्या ऑफिसात बसून होतं. एच.आर., म्हणजे मनुष्यबळ, मुलींचं आणि मार्केटिंग मुलांचं, ही वाटणी कुठल्याही अभ्यासक्रमात नाही. तिला काय आवडतं ते तिलाच विचारा, आम्हाला नको.

नोकरी सोडता येत नाही. घरी बसून करता येईल?

शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण आहे, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. प्रवेश घेण्याआधी त्या वर्षासाठी त्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, हे यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, यादीत स्वतः पाहा. कामावर असलेल्या माणसासाठी हा चांगला मार्ग आहे. बारावीनंतर लगेच, काहीच काम न करता दूरशिक्षणानं बी.बी.ए. करू नये.

एम.पी.एस.सी.ला बसता येतं का?

येतं. पदवी ती पदवी.

कागदपत्रं कोणती आणि कधी काढायची?

बारावीची परीक्षा संपली की त्याच आठवड्यात. निकालानंतर सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला आणि राखीव प्रवर्ग असेल तर जात वैधता प्रमाणपत्र. वैधतेला सगळ्यात जास्त वेळ लागतो, तो अर्ज अकरावी-बारावीतच महाविद्यालयामार्फत करून टाका. नॉन-क्रीमीलेअर लागत असेल तर त्याची मुदत प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत आहे ना, हे तारीख वाचून बघा. जुनं प्रमाणपत्र चालेल असं गृहीत धरून खुल्या प्रवर्गात ढकलली गेलेली मुलं दर वर्षी असतात. आधार, दहावीची गुणपत्रिका आणि बँकेचं पासबुक यांवर नाव अक्षरशः सारखं असू द्या. आणि खातं आधारला जोडलेलं आहे का, ते बँकेत जाऊनच विचारा, कारण शिष्यवृत्ती आधारला जोडलेल्या खात्यातच जमा होते.